पंपघरातला पोपट

थोरल्या ताईंना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. साडूभाऊंनाही नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्या कंबरदुखीला एव्हाना उतार पडला असेल. (डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही स्वतः करत नाही, दुसऱ्यांना मात्र करून दाखवता, असं आतल्या गोटातून कळलं. आतला गोट म्हणजे साडूभाऊ, पण मी सांगितलं असं सांगू नका.) आमच्याकडे सगळं ठीक. चिरंजीव हॉस्टेलवर आहेत. काही बिघडलं की त्यांचा फोन येतो आणि सध्या फोन नाही, म्हणजे तेही ठीक. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे बाबा खुशाल आहेत. दोन्ही वेळा जेवतात, दुपारी घोरतात, काल तर त्यांनी मला चक्क मूर्ख म्हटलं. यावरून तब्येतीची कल्पना यावी.

आता त्या फोनबद्दल. रविवारी संध्याकाळी तुमच्या बहिणीनं तुम्हाला फोन केला, "ताई, आई सापडली" एवढंच म्हणाली आणि हुंदका आवरेना म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी घाबरून तो बंद केला. आई जाऊन दुसरं वर्ष संपत आलेलं असताना असा फोन आल्यावर माणसानं समजायचं तरी काय, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. पुढे तुमचं हिच्याशी बोलणं झालं, पण ती मध्येच हसते नि मध्येच रडते, त्यामुळे तुमच्या पदरात पोपट, दंतवैद्य आणि शरणागती एवढेच शब्द पडले, असं तुम्ही म्हणालात. मी फोनवर का येत नाही, हेही विचारलंत. येत नाही, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. (रागावू नका. तुम्ही "थोडक्यात सांगा" म्हणता, आणि थोडक्यात सांगता येईल असं माझ्या हातून आजवर काही घडलेलंच नाही.) म्हणून हे पत्र. जे हरवलं होतं ते सापडलं आहे, हे मनाशी धरून सावकाश वाचा, म्हणजे मधल्या भागात तुम्हाला माझा गळा दाबावासा वाटला तरी हात आवरता येईल.

सगळ्याचं मूळ माझ्या छंदात आहे. मी दिवसभर दुकानात बसून लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि चष्मे विकतो, हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी आमच्या सलूनवाल्याच्या मागच्या खोलीत आम्ही लढाया खेळतो. मोठ्या टेबलावर अंगठ्याएवढे सैनिक, रणगाडे, तोफा मांडायच्या, फासे टाकायचे, टेपनं मोजून सैन्य पुढं सरकवायचं. सलूनवाला आमचा सेनापती. (तुम्ही या खेळाला एकदा बाहुला-बाहुली म्हणाला होतात. तो अपमान मी मुकाट्यानं गिळला, पण सलूनवाल्याला सांगितला. तो तेव्हापासून तुम्हाला शत्रुपक्ष म्हणतो.) आता लढाई म्हटली की रणांगण आलं. गाव, पूल, कारखाने, पडकी घरं. हे सगळं तयार मिळतं, पण त्या किमतीत खरंखुरं पडकं घर येईल. म्हणून रणांगणाचं खातं माझ्याकडे, आणि मी ते मोडक्या खेळण्यांतून चालवतो.

यातली खुबी अशी की खेळण्याकडे बघताना त्याचं नाव विसरायचं. यो-यो हा यो-यो नव्हे, ते तेलाच्या टाकीचं झाकण. खुळखुळा म्हणजे गॅसची गोल टाकी. बाहुलीचा कंगवा म्हणजे जिन्याचा कठडा, ट्रॅक्टरचं चाक म्हणजे मोठ्या नळाची चावी, आणि भातुकलीतली शेगडी आडवी केली की झालं वीजघर. आधी सगळं साबणानं धुवायचं (कुणीतरी चाटलेलं असतंच), करवतीच्या पात्यानं कापायचं, फटी सुताराच्या लांबीनं बुजवायच्या, बुडाला डिंक लावून वर वाळू पेरायची. मग काळ्या रंगाचा फवारा, त्यावर करडा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडांवरून पांढरट रंग घासायचा. गंज हवा असेल तर वाळवलेली चहापूड. एवढं झालं की ज्या मुलानं ते खेळणं रात्रंदिवस उराशी धरलं होतं, त्यालाही ते ओळखू येणार नाही. हीच माझी कला, आणि हीच या वेळी माझ्या अंगाशी आली.

खेळणी मिळावीत म्हणून मी आमच्या दाराबाहेर, जिन्यात, एक खोकं ठेवलं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत "जुनी खेळणी इथे टाकावीत" असं लिहिलं. त्याचा इमारतीत भलताच अर्थ झाला. चिरंजीव हॉस्टेलवर गेलेले, घर मोकळं, आणि आता हे खेळणी जमवतायत, म्हणजे नक्की पाळणा हलणार. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी हिला जिन्यात गाठून जड उचलू नका म्हणून बजावलं. हिला आधी वाटलं, त्या पाण्याच्या बादलीबद्दल बोलतायत. दोन दिवसांनी खोक्यात लोकरीचे इवलेसे मोजे आले. हिनं ते माझ्या ताटाशेजारी आणून ठेवले. या वयात आपल्या नवऱ्यामुळे आपल्याला शेजारणींनी आंबट खायला आणून द्यावं, हे तिनं आयुष्यात कधी योजलं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. (त्या मोज्यांत मी भुसा भरून वाळूची पोती केली. छान झाली आहेत.)

तर एका सकाळी त्याच खोक्यात एक हिरवा प्लास्टिकचा पोपट निघाला. पोटावर लाल बटण, बटणाखाली आवाज यायला जाळी. एकदा आपण काहीतरी बोलून ठेवायचं आणि मग बटण दाबलं की तो ते म्हणून दाखवतो, त्या जातीचा. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी टाकला असणार. मी बटण दाबून बघितलं नाही. ताई, इथंच सगळं चुकलं. पण चिरंजीवांच्या लहानपणी असलाच एक पोपट आमच्या घरी होता आणि तो दिवसभर चिरंजीवांच्याच आवाजात "मला नको" म्हणायचा. शेवटी तो तुमच्या माहेरी, म्हणजे आई-बाबांकडे, राहून गेला तेव्हा मी सुटलो असं म्हणालो होतो. हा तोच असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही, मला सगळे पोपट सारखेच दिसतात. (मी चष्मे विकतो, याची आठवण करून देऊ नका. ती बाबांनी करून दिली आहे.) मी त्याचं डोकं कापून त्याचा घुमट केला. पंखांचं कोसळलेलं छप्पर झालं, चोच एका तोफेला बसली. पोट मात्र जाळीसकट इतकं सुरेख होतं की त्याला भिंती चिकटवून त्याची एक अख्खी इमारत केली, जिला आता सगळे पंपघर म्हणतात. आतले स्क्रू गंजले होते म्हणून आतलं यंत्र काढायच्या भानगडीत पडलो नाही, शिवाय इमारतीला वजन असलेलं बरं. लाल बटणावर करडा रंग मारला, ते छपरावरचं झाकण झालं.

आणि त्याच आठवड्यात बाबांचं जेवण तुटलं. तसे ते आमच्याकडे आल्यापासून कमीच बोलायचे. सकाळी खोलीचं दार लावून थोडा वेळ बसायचे (आम्हाला वाटायचं, व्यायाम करतात), मग दिवसभर खिडकीशी. पण आता ते ताटावरून दोन घास खाऊन उठायला लागले. कपाट उघडायचे, स्वेटर काढून ठेवायचे, पुन्हा घालायचे. मी खोलीत गेलो की कपाट बंद. काय हवंय विचारलं की काही नाही. डॉक्टरांनी तपासून टॉनिक लिहून दिलं, ते बाबांनी कुंडीत ओतलं (कुंडी जोरात आहे). हिनं तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही ताबडतोब ठरवलंत की येऊन बाबांना कायमचं तुमच्याकडे घेऊन जायचं. जातानाची दोघांची तिकिटंही काढलीत. मी तेव्हा "जशी तुमची इच्छा" म्हणालो. तुम्हाला तो समजूतदारपणा वाटला, पण खरं सांगायचं तर मला आतून जरा हलकं वाटलं होतं. माणूस आपल्या घरात वाळत चाललाय आणि का ते कळत नाही, हे रोज बघवत नव्हतं.

रविवारी आमचा वर्षाचा मोठा सामना होता. समोर पलीकडच्या भागातल्या मंडळाचे सेनापती, एक दंतवैद्य, सामना त्यांच्या सभागृहात, पण रणांगण आमचं. ती इमारत, वीजघर, टाक्या असा सगळा मिळून माझा कारखाना आदल्या दिवशीच टेम्पोतून रवाना झाला होता आणि मी सकाळी बूट घालून निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात आतून ही ओरडली. बाबा स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे उपसत होते. हिनं त्यांना धरून खाली उतरवलं, खुर्चीत बसवलं आणि खडसावून विचारलं की या वयात तिथं काय शोधताय. बाबा म्हणाले, पोपट. हिला वाटलं, बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. तेव्हा ते म्हणाले, "त्यात तुझी आई आहे."

ताई, तुमच्या दुसऱ्या बाळंतपणाला आई तुमच्याकडे येऊन राहिल्या होत्या, आठवतं? बाबा घरी एकटे, रक्तदाबाची गोळी हमखास विसरणारे. म्हणून निघताना आईंनी त्या पोपटात दोन वाक्यं बोलून ठेवली आणि तो गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवला. पुढे आई परतल्या आणि पोपट कुठंतरी मागे पडला. आई गेल्यावर आवराआवरीत तो बाबांच्या हाती लागला. तेव्हापासून तो त्यांच्या स्वेटरांखाली होता आणि रोज सकाळी दार लावून ते गोळी घ्यायच्या आधी त्याचं बटण दाबत होते. आम्ही ज्याला व्यायाम म्हणत होतो, तो हा. ही माझ्याकडे वळून विचारायला लागली की हिरव्या रंगाचा पोपट कुठं पाहिलास का. मी तिथंच एका बुटानिशी खाली बसलो आणि सांगून टाकलं की पोपट मी कापला, रंगवला आणि लढाईला पाठवला. हिनं तोंडावर हात ठेवला. बाबांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठले, मफलर गुंडाळला आणि चपला पायात सरकवत म्हणाले की चला, पण तिथं परक्या माणसांना यातलं काही सांगायचं नाही.

आम्ही तिघं टॅक्सीनं सभागृहात पोचलो तेव्हा पहिला फासा पडून गेला होता. हे किती वाईट, ते तुम्हाला सांगायला हवं. गेल्या वर्षी दंतवैद्यांच्या कोपरानं एक डोंगर सरकला आणि नेमका त्यांच्याच फायद्याचा सरकला. त्यावरून असं वाजलं की तेव्हापासून नियमच झाला, एकदा फासा पडला की सामना संपेपर्यंत कुणी रणांगणाला हात लावायचा नाही, फक्त आपापल्या सैन्याला. हा नियम पाळवून घ्यायला पंच म्हणून एक ग्रंथपाल बाई असतात. त्यांच्या वाचनालयात कुणी जांभई दिली तरी त्या मान वर करून बघतात. मी त्यांना विनवलं की एका इमारतीत घरची एक वस्तू चुकून राहिली आहे, एकदा उचलून बघू द्या. त्यांनी विचारलं कुठली वस्तू. मला सांगता येईना, बाबा शेजारीच उभे. दंतवैद्य म्हणाले की त्यांचे रणगाडे कारखान्याच्या तोंडाशी पोचायला आणि घरची वस्तू हरवायला एकच मुहूर्त बरा मिळाला. पंचबाईंनी मान हलवली. म्हणजे नाही.

बरं, इमारत नेमकी कुठली, हे तरी मला माहीत असावं की नाही? नव्हतं. त्या पोटाच्या जाळीची कल्पना मला इतकी आवडली होती की मी जुनी गाळणी कापून कारखान्याच्या सगळ्याच इमारतींना तशी जाळी लावली होती. सगळ्यांवर तसंच झाकण. सगळ्या करड्या, सगळ्या गंजक्या. येणारा-जाणारा प्रत्येकजण थांबून माझ्या कामाची वाहवा करत होता आणि मी नुसती झाकणं मोजत होतो.

मग मी सलूनवाल्याच्या कानात सगळं सांगितलं. (तो बाहेरचा नव्हे. तो बाबांची दाढी करतो.) आता हा माणूस म्हणजे अखंड बडबड, गिऱ्हाईक झोपलं तरी याचं चालू. पण तो गप्प झाला. नियमांचं पुस्तक उघडून त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. इमारत काबीज करायची तर आपला सैनिक तिच्या छपरावर उभा करावा लागतो. किती जोरात उभा करायचा, याबद्दल नियमात काही नव्हतं. आमच्या सैन्यात एक झेंडेवाला आहे, शिशाचा, चांगला वजनदार. सलूनवाल्यानं पूल सोडला, डोंगर सोडला, जिंकत आलेली डावी बाजू मोकळी टाकली आणि सगळं सैन्य त्या एका झेंडेवाल्याच्या रक्षणाला लावून कारखान्यात घुसवलं. प्रत्येक छपरावर झेंडेवाला ठेवायचा आणि वरून अंगठ्यानं दाबायचा. गोदाम गप्प. वीजघर गप्प. तेलाच्या टाकीचं झाकण दाबल्याबरोबर उडालं आणि पंचबाईंनी आम्हाला ताकीद दिली. आमची माणसं पटापट पडत होती. दंतवैद्य आधी खूश झाले, मग बुचकळ्यात पडले, आणि मग घाबरले. एवढा जुना सेनापती असा वेड्यासारखा वागतोय म्हणजे यात काहीतरी खोल डाव आहे, असं समजून त्यांनी रणगाडे चक्क जागच्या जागी थांबवले. बाबा खुर्चीत ताठ बसून प्रत्येक अंगठ्याकडे बघत होते. ही माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की अजून निळा आहे.

शेवटी एकच इमारत उरली, तीही दंतवैद्यांच्या बाजूची. झेंडेवाला तिच्यापासून वीतभर असताना दंतवैद्यांच्या फाशानं मेला. संपलं. सलूनवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे बघू शकलो नाही. आणि दंतवैद्य, आता आपलीच सरशी या आनंदात, आपला सर्वात मोठा रणगाडा उचलून म्हणाले की हा कारखाना आता आमचा, आणि तो त्यांनी त्या छपरावर ठाणकन ठेवला.

"अहो, गोळी घेतलीत का? बघत काय बसलात, घ्या आधी."

ताई, तोच आवाज. तोच तो 'अहो'वरचा जोर. रंगामुळे थोडा दबलेला, शेजारच्या खोलीतून हाक मारावी तसा, पण आईच. दंतवैद्यांचे हात वरच राहिले. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले, खिसे चाचपायला लागले आणि म्हणाले, "घेतो, घेतो." आणि खरोखरच त्यांच्या मफलरच्या घडीतून गोळी निघाली. ही मटकन जमिनीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही. दंतवैद्यांनी घाबरून रणगाडा उचलला तर बटण मोकळं झालं, तो हातातून निसटून पुन्हा दाबलं गेलं आणि आईंनी पुन्हा तेच विचारलं, या वेळी थेट त्यांच्याकडे तोंड करून. तेव्हा त्यांनी हळूच आपल्या खिशातून स्वतःची गोळी काढली. तेही रक्तदाबवाले निघाले. पंचबाईंनी दोघांना एकाच तांब्यातून पाणी दिलं.

पण नियम तो नियम, सामना संपेपर्यंत पंपघर उचलता येणार नव्हतं. सलूनवाल्यानं क्षणाचाही विचार न करता शरणागती पत्करली. तीन वर्षं न हरलेला माणूस, ताई! दंतवैद्य म्हणाले की असली शरणागती ते घेणार नाहीत, उलट तेच शरण येतात. दोघंही हट्टाला पेटले. अखेर पंचबाईंनी दोन्ही पक्ष हरले असं जाहीर केलं, आणि मी ते पंपघर दोन्ही हातांनी उचलून बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि पहिली गोष्ट विचारली ती ही की याला एवढी घाण का फासली आहे. मी म्हटलं, तो गंज आहे. त्यावर ते मला मूर्ख म्हणाले नाहीत, ते काल म्हणाले.

मी सांगितलं की आतलं यंत्र अलगद काढून नव्या पोपटात बसवून देतो. बाबा नको म्हणाले, पुन्हा करवत लावायची नाही. त्यामुळे पंपघर तसंच्या तसं, भिंती, जाळी, चहापुडीसकट, त्यांच्या उशाशी आहे. आता ते सकाळी दार लावत नाहीत. आम्ही चहा घेत असतो तेव्हा आतून आईंची हाक येते, बाबा "घेतो, घेतो" म्हणतात, आणि ही कपाकडे बघत हसते. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं आहे. तुम्हाला ऐकायचं असेल म्हणून मी फोनवर धरणार होतो, पण बाबा म्हणतात की थोरलीनं समोर बसून ऐकावं.

पत्र लांबलं. तुम्ही रागावला असाल तर तेही सांभाळून घ्या. साडूभाऊंना पुन्हा नमस्कार.

तुमचा,
मोडतोडवाला मेहुणा

ता. क. पत्र खरं म्हणजे ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. ताई, या, हव्या तेवढ्या राहा, पण जातानाचं बाबांचं तिकीट रद्द करा. 'जशी तुमची इच्छा' हे मी मागे घेतो. माझी इच्छा अशी की त्यांनी इथंच राहावं. आता ते माझ्याबरोबर गॅलरीत बसून पडकी घरं करतात. वाईट करतात, डिंक फार वापरतात, परवा त्यांचं बोट एका रणगाड्याला चिकटलं होतं आणि सोडवेपर्यंत दोघंही हसत होतो. तुमची बहीण म्हणते, मी हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून आधी रडवून घेतलं.

ता. क. येताना तुमच्या मुलांची मोडकी खेळणी आणावीत. एकूण एक बटण दाबून बघितलं जाईल, शब्द देतो.

ता. क. हे पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पेन मागून घेतलं आहे आणि खाली काहीतरी लिहितायत. मला बघू देत नाहीत, पाकीटही स्वतःच चिकटवणार म्हणतात. डिंक त्यांच्याच हातात आहे, तेव्हा पाकीट उघडताना कात्री घ्या.

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद. जावईबापूंनी लिहिले आहे ते बरेचसे खरे आहे. मी इथेच बरा आहे. मात्र पोपट त्या खोक्यात शेजाऱ्यांनी टाकला नव्हता, मी टाकला होता. त्या दिवशी सकाळी मला गोळी नको होती, काहीच नको होते, आणि पोपटातली ही काही ऐकेना. दुपारी परत घ्यायला गेलो तर खोके रिकामे. मग सांगायची लाज वाटली, सवयीने कपाट उघडत राहिलो, शेवटी जावईबापूंचा माळा शोधला. जावईबापूंना यातले काही कळवू नकोस. त्यांना अपराधी वाटते म्हणून ते मला रंगाचा फवारा मारू देतात. बाकी काळजी नसावी. माझे आणि तुझ्या आईचे भांडण झाले होते. आता मिटले आहे.